वारंच आहे

“भुवया वर करा बघू, आजी. एकदम दचकल्यासारख्या.”

म्हातारीची उजवी भुवई वर गेली, डावी जागची हलली नाही. तोंडही डावीकडेच लोंबलेलं. म्हणजे हे वारंच होतं. चुलीपाशी शेकून उघड्या डोक्यानं थंडीत गेलं की वारं बाधतं, तोंड वाकडं होतं, असं चिंबोरासो पर्वताच्या पायथ्याशी शेंबडं पोरही सांगेल. जिवाला धोका नसतो. फक्त भुवई बघायची. वाकड्या बाजूचीही उचलली गेली, तर दुखणं चेहऱ्यात नाही, मेंदूत आहे. दवाखान्याच्या भिंतीवर हे लिहून लावलं होतं ते नर्स ओतिलियानंच.

तिच्या हातातली बॅटरी खाली पडली.

त्याच सकाळी सातला हासिंतोबाबा बेकरीच्या दारात वाकड्या तोंडानं उभे होते. “भट्टीपासून उठून पुन्हा बिनटोपीचे आलात ना? घ्या आता वारं! पडून राहा, संध्याकाळी बघते,” असं म्हणून ती हसत पुढे निघाली होती. त्यांनी तिला चिडवायला भुवया उडवल्या होत्या. दोन्ही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

“काय झालं गं, बाई?” म्हातारी विचारत राहिली. ओतिलिया तोवर रस्त्यावर होती. पावणेअकरा वाजले होते.

बेकरीमागच्या खोलीत सोइला नवऱ्याचा गाल सतापाच्या पाल्यानं आणि उसाच्या दारूनं चोळत होती. आईवेगळ्या ओतिलियाला या दोघांनीच वाढवलं, शिकवलं, नर्स केलं.

“आलीस, पोरी? बघ, कसा गाढ झोपलाय. शेजारीण म्हणत होती, शहरात न्या. मी म्हटलं, आमची नर्स घरचीच आहे. ती वारं म्हणाली म्हणजे वारंच.”

“बाबा, उठा. हात उचला. दोन्ही.”

डावा उचलला गेला. उजवा घोंगडीवर तसाच पडून राहिला.

पावाच्या गाडीतून शहरात पोचायला अडीच तास लागले. “तू होतीस म्हणून गं माझी बाई,” म्हणत सोइला वाटभर तिचा हात धरून होती. ओतिलियाला तो हात सोडवेना आणि धरवेनाही.

इस्पितळात तरुण डॉक्टरनं विचारलं, “सुरुवात कधी झाली? नेमकं सांगा. साडेचार तासांच्या आत असेल, तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध देतो.”

दहा वाजता, एवढंच म्हटलं की पुरे होतं. औषधही मिळालं असतं आणि तिची अब्रूही वाचली असती. पण उशिरा दिलेलं ते औषध मेंदूत रक्तस्राव करून जीव घेऊ शकतं, हे तिला ठाऊक होतं.

“सातला,” ती म्हणाली. “सातच्या आधीच झालं असेल. मी डोळ्यांनी पाहिलं. मीच वारं आहे म्हणाले आणि निघून गेले.”

“मग ते औषध नाही देता येणार,” डॉक्टर म्हणाला. हासिंतोबाबांना आत नेलं.

बाकावर सोइलानं आपला हात काढून घेतला. आजवर तिनं ओतिलियाला पोरी सोडून दुसऱ्या कशानं हाक मारली नव्हती.

“नर्सबाई,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही जा आता. मी बसते इथं.”