चौथा जुडगा

दुर्बीण रात्री उघडते, पण आमचं काम दिवसाचं. तिच्या बुडाशी बसवायची तबकडी डेल्फिनो आणि मी सकाळी समोरासमोर बसून भरतो. अल्युमिनियमची तबकडी, तिला हजारभर भोकं, आणि प्रत्येक भोकात काचेचा एक तंतू. तंतूंचे जुडगे असतात. एका भागातली भोकं एका जुडग्याची. मग त्यातला कुठला तंतू कुठे गेला, ते नंतर यंत्रच शोधून काढतं.

बहुतेक भोकं आकाशात जिथे क्वेसार असावेत असं वाटतं तिथली; तंतूने आणलेल्या प्रकाशावरून ते खरंच आहेत का, हे कळतं. क्वेसार म्हणजे फार लांबच्या आकाशगंगेचा पेटलेला गाभा. तेवढ्या लांबचं दुसरं काही नीट दिसत नाही, म्हणून इथली तरुण संशोधक नोएमी त्यांच्यावरूनच विश्वाचा नकाशा काढते. कुठे दाट वस्ती, कुठे मोकळं रान.

मे महिन्यात एके सकाळी ती आमच्या खोलीत आली तीच चेहरा पाडून. नकाशाच्या एका कोपऱ्यात रान फारच मोठं दिसत होतं, आणि तो कोपरा नुकत्याच भरलेल्या तबकडीवर चौथ्या जुडग्याचा होता. आधीच्या तबकड्यांतही त्या बाजूला विरळ वाटत होतं, पण ते खरं की भीतीपोटी तसं दिसतंय, हे तिला ठरवता येईना. जुडगा प्रकाश खात असेल, तर हिवाळ्यापासूनचं सगळं काम वाया. पुन्हा करायला सवड नव्हती. जूननंतर तबकड्या बंद होऊन आमच्या जागी यंत्राची बोटं येणार होती. पोरीची तीन वर्षं त्या नकाशात गेली होती.

चौथा जुडगा माझ्या बाजूचा. मी विचारलं, "माझ्या हातून काही झालं का गं?"

"तुमच्या हातांना कोण बोलतंय, मावशी?"

"हात ठीक आहेत," डेल्फिनो म्हणाला. "तोंड सुरू झालं की तंतू अर्धवट बसतात."

नोएमी हसली नाही. तीच तबकडी पुन्हा भरायची, पण चौथा आणि पाचवा जुडगा एकमेकांच्या जागी, असं तिने ठरवलं. रिकामी जागा जुडग्याबरोबर सरकली, तर दोष आमचा.

जागा बदलल्यामुळे तंतू जेमतेम पोचत होते. ताणले तर काच मोडायची. डेल्फिनो तळहातावर जुडगा तोलून धरायचा आणि मी एकेक तंतू बसवायची. त्या दिवशी प्रत्येक तंतू मी दोनदा दाबून पाहिला.

मग वारा सुटला. खालच्या मैदानातली पांढरी वाळू डोंगरावर चढली आणि दुर्बिणीचं छप्पर उघडलंच नाही. दुसऱ्या रात्रीही तेच. नोएमीने जेवण सोडल्यातच जमा होतं. मी तिच्यासाठी बीन्स झाकून ठेवायची, ते सकाळी तसेच असायचे.

अखेर वारा पडला आणि रात्री छप्पर उघडलं. दुसऱ्या दिवशी कामावर आलो तर ती आमच्या टेबलाशी बसून हिरव्या मिरचीचा बुरिटो खात होती. बोटं तेलकट, डोळे लाल.

"रान तिथंच आहे, मावशी," ती म्हणाली.

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चौथ्याने शेजारची वस्ती सगळी दाखवली. पाचव्याला त्या कोपऱ्यात काहीच सापडलं नाही. ती जागा खरंच रिकामी आहे. आकाशातच."

मी खुर्ची ओढून बसले. हिवाळ्यापासूनची सगळी भोकं माझ्या बोटांवरून उतरल्यासारखी वाटली.

"जागा आकाशातली असेल," डेल्फिनो म्हणाला, "पण बुरिटो माझा होता."

या वेळी ती हसली, अगदी ठसका लागेपर्यंत. मी तिला पाणी दिलं. मग चौथा जुडगा सोडवून पुन्हा आपल्या जागी आणला आणि पुढची तबकडी ओढून घेतली.