मधल्या स्टेशनवरचं क्रॉसिंग

धाकटा पुन्हा हात हलवत घरी आला. चपला पायातच होत्या तोवर बायकोने विचारलं, "विचारलंत का?"

"विषयच निघाला नाही."

"विषय काय आपला आपण निघतो? तो काढावा लागतो. सख्ख्या भावाला 'आमच्याकडे राहायला ये' एवढं म्हणायला तुम्हाला वकील लागतो का?"

धाकट्याने चपला काढून कोपऱ्यात सारल्या. बायकोचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, म्हणून तर ते झोंबलं. त्याला नातवंडं झाली, डोक्यावर औषधाला काळा केस उरला नाही, तरी रेल्वेच्या जुन्या मंडळींत तो अजून धाकटाच होता. कारण एकाच रेल्वे लाइनवर त्याचा थोरला भाऊ ड्रायव्हर होता आणि हा गार्ड. आता वहिनी गेल्यापासून दादा लाइनच्या पार त्या टोकाला एकटा राहत होता. सकाळचं रात्री खायचा आणि रात्रीचं सकाळी. मागची खोली बायकोने कधीच झाडूनपुसून ठेवली होती. आता फक्त विचारायचं होतं आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. दोघे भाऊ जन्मभर एका लाइनवर राबले, पण उलट्या दिशांनी. एक गाडी या टोकाहून सुटायची, दुसरी त्या टोकाहून. लाइन एकेरी, त्यामुळे गाड्या एकमेकींना ओलांडणार त्या फक्त मधल्या स्टेशनवर, कारण तिथेच काय ते रूळ दुहेरी होते. आधी आलेली गाडी खोळंबून राहायची, दुसरी आली की दोघी आपापल्या वाटेने सुटायच्या. दादा त्याच्या गाडीच्या तोंडाशी इंजिनात, धाकटा आपल्या गाडीच्या शेपटाशी गार्डाच्या डब्यात. गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की दादाचं इंजिन बरोबर धाकट्याच्या डब्यासमोर यायचं. मग या खिडकीतून त्या खिडकीत घरच्या गोष्टी चालायच्या.

वेळ तो केवढा! म्हणून दोघांनी एक नियम पाडला. ज्याची गाडी आधी येईल त्याने बोलायचं, मागून येणाऱ्याने ऐकायचं, आणि उत्तर उद्याच्या क्रॉसिंगला द्यायचं. आधी येणारी गाडी जवळजवळ नेहमीच दादाची असे. त्यामुळे बोलणार दादा आणि रात्रभर विचार करून उत्तर देणार धाकटा, अशी वाटणी होऊन बसली. बहिणीचं लग्न याच खिडक्यांतून ठरलं. आईचं आजारपण निभावलं, घराच्या वाटण्या झाल्या. दोघांत कधी भांडण म्हणून झालं नाही. भांडायचं तरी कसं? राग आला की गाडी सुटायची आणि उद्यापर्यंत तो निवून जायचा. लोक म्हणायचे, भाऊ असावेत तर असे.

पुढे दोघे निवृत्त झाले, लाइन बंद पडली, रूळ उपटून नेले आणि शेजारच्या रस्त्यावरून बस धावायला लागली. धाकट्याला वाटलं होतं, आता दिवसच्या दिवस गप्पा मारू. कसलं काय! बसने दादाकडे जावं तर दादा दारात खुर्ची टाकून बसलेला, म्हणजे आधी आलेला. तो बोलायला लागायचा. गुडघा, गळका नळ, शेजाऱ्यांचं कुत्रं. धाकटा ऐकत राहायचा. एका क्रॉसिंगपुरतं बोलणं झालं की दादा आपोआप थांबायचा आणि धाकटा आपोआप उठायचा. "बरं, निघतो." दादाही त्याला अडवत नसे. बसमध्ये बसल्यावर धाकट्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं. जिभेवर आलेलं वाक्य तसंच माघारी यायचं.

त्या दिवशी बायकोची बोलणी खाता खाता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दादाच्या घरी दादाच आधी असणार! त्याने लगेच फोन लावला. "दादा, उद्या मधल्या स्टेशनवर ये."

दादाने का म्हणूनही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटा मिळेल त्या पहिल्या बसने जाऊन बसला. स्टेशनात आता होतं काय? अर्धाअधिक ढासळलेला फलाट, पत्रा उडालेली शेड, एक बाक. रुळांच्या जागी गुडघाभर गवत. आपला डबा जिथे थांबायचा ती जागा त्याने नजरेने शोधली आणि त्याला भडभडून आलं. त्या गाडीसाठी नाही हो, गाड्या काय, जातात. समोरच्या खिडकीतल्या तेलकट टोपीसाठी, तिच्याखालच्या हसऱ्या चेहऱ्यासाठी त्याचा जीव तुटला.

समोरून बस आली. दादा उतरला, गुडघा सांभाळत फलाटावर चढला आणि धाकट्याला बाकावर बघून हसला. "आज तुझी गाडी आधी!"

तो शेजारी टेकला आणि ऐकण्याच्या तयारीने गप्प झाला.

"दादा, आमच्याकडे राहायला ये. कायमचा."

दादाने ऐकल्याची मान डोलावली. तेवढ्यात त्याच्या गावाकडे जाणारी बस येऊन उभी राहिली, तसा तो उठला.

"उत्तर उद्या," तो म्हणाला.

"उद्या नाही. आत्ता."

दादा चमकून वळला. "अरे, आपलं ठरलेलं..."

"खड्ड्यात गेलं ठरलेलं! रूळ उपटून नेले, मग नियम तेवढा कुणासाठी जपायचा? जन्मभर तुला खिडकीत पाहिलं, दादा. छातीपासून वर, तेवढाच तू मला माहीत. तू चालतोस कसा हेसुद्धा मी आज नीट बघितलं." धाकट्याचा आवाज फाटला. "मला तू हवास रे. क्रॉसिंगपुरता नको."

बसच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. उभ्या नोकरीत स्वतःमुळे गाडी खोळंबू न दिलेल्या दादाने त्याच्याकडे बघितलं आणि 'जा' म्हणून हात हलवला. बस निघून गेली. दादा पुन्हा बाकावर बसला.

"दोन दिवसांत माझं बोलणं संपेल," तो खाली बघत म्हणाला. "सलग बोलायची सवयच नाही मला. तुझी वहिनी होती, ती दोघांचं बोलायची. मग तुला मी नकोसा होईन, म्हणून येत नव्हतो."

"संपलं तर संपू दे."

"आणि मग काय करायचं?"

"काही नाही. बसायचं."

दादा हसला नाही. त्याने नुसता हात पुढे करून धाकट्याच्या गुडघ्यावर ठेवला. खिडकीतून एवढं कधी जमलं नव्हतं.

उन्हं कलायला लागली तशी धाकट्याच्या गावाकडची बस आली. आधी दादा चढला.

"कपडे आणले नाहीत मी," तो पायरीवरूनच म्हणाला.

"माझे घाल. ढगळ होतील थोडे."

दोघे एका बाकावर खेटून बसले आणि बस सुटली. एवढ्या वर्षांत दोघे भाऊ एका दिशेला आज पहिल्यांदाच निघाले होते.