शहाणी माझी आई

कुत्र्यांना शिकवणं हा त्याचा धंदा. घरात त्याचा धाक असा नव्हता; पण शिकण्याच्या नियमांवरून त्याच्याशी वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे. खुब्याचं हाड मोडून आई अंथरुणाला खिळली, पाय हलेनासे झाले, तेव्हा त्यानेच तिच्या उशाशी पितळी घंटा ठेवली. त्या घंटेने लवकरच घर डोक्यावर घेतलं. उशी सरकव, पडदा ओढ, मघाशी दारात कोण आलं होतं?

"घंटा सासूबाईंना दिलीत की माझ्या गळ्यात बांधलीत?" बायकोने विचारलं.

"चूक तुझी आहे. आठ-दहादा दुर्लक्ष करतेस आणि मग वैतागून धावतेस. तू तिला चिकाटी शिकवते आहेस."

"अहो, त्या तुमच्या आई आहेत, अल्सेशियन नव्हेत!"

"नियम तोंड पाहून बदलत नाही."

उपाय साधा होता. घंटा वाजली तर जायचं नाही. आई शांत असेल तेव्हा जायचं, दोन शब्द बोलायचे, तळहातावर संत्र्याची गोळी ठेवायची. सुरुवातीला घंटा अधिकच पिसाळली. हे त्याला अपेक्षितच होतं. आईने शिव्यांची लाखोली वाहिली. मग आवाज विरळ होत गेला आणि एके दिवशी थांबला.

"सुंठीवाचून खोकला गेला," बायको म्हणाली.

"शहाणी माझी आई!" असं म्हणून तो गोळी देई. घंटेमागचं कारण नियमाला कळत नाही, ही गोष्ट त्याला ठाऊक होती. पण तेव्हा ती ध्यानात घ्यायची गरज भासली नाही.

त्या सकाळी आईच्या पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून बायको बाजारात गेली. तो बाहेरच्या खोलीत एका पिल्लाला बसायला शिकवत होता. आतून चकार शब्द नव्हता. पिल्लू मात्र धडा सोडून आतल्या दाराशी जाई आणि केविलवाणं कुंई कुंई करी. त्याने त्याला ओढून आणलं, दटावलं, बसल्यावर खाऊ दिला. थोड्या वेळाने पिल्लूही उठेनासं झालं.

मग गोळी घेऊन तो आत गेला. पिशवीचं बूच निसटलं होतं. त्याने ओली चादर उचलली. तिच्याबरोबर पोटरीची कातडीही सुटून आली.

घंटा उशाशीच होती, हात पोचेल अशी.

"आई! अगं, हाक का नाही मारलीस?"

तिने चावून चावून ओठ रक्तबंबाळ केला होता.

"वाजवली नाही हं मी," ती म्हणाली, आणि तिने तळहात पुढे केला.