टाकीतलं कबूतर

कृतज्ञता हा माणसाचा सर्वश्रेष्ठ दागिना आहे. तो रोज सकाळी साडेआठला, चहा गार होईपर्यंत, सगळ्यांनी मिळून घालायचा असतो, हे निरीक्षकाच्या साडूंना तीन दिवसांच्या एका शिबिरात कळलं होतं. त्यामुळे सुट्टीसाठी घेतलेल्या त्या भाड्याच्या बंगल्यात नाश्त्याआधी प्रत्येकानं कशाचे तरी आभार मानायचे आणि साडूंनी ते मोबाइलवर चित्रित करायचे, असा नेम ठरला.

निरीक्षकाला आभार सुचत नसत. बावीस वर्षं आरोग्य खात्यातर्फे हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासल्यावर माणसाला जगात दोनच गोष्टी दिसतात: घाण, आणि अजून न सापडलेली घाण. बंगल्यात पाऊल टाकताच त्याला न्हाणीच्या जाळीत परक्या केसांचा गुंता दिसला, उशीवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा नकाशा दिसला, आणि मिठाच्या बरणीमागून एक झुरळ मिशा हलवत त्याचं स्वागत करताना दिसलं. तरी तो गप्प बसला. दोन वर्षांपूर्वी त्यानं मेव्हणीच्या फ्रीजमधला एक डबा हुंगून पाहुण्यांदेखत कचऱ्यात टाकला होता. तेव्हापासून बहिणी-बहिणींचं बोलणं बंद होतं. निघतानाच बायकोनं बजावलं होतं, "अहो, ताईनं आपणहून बोलावलंय. चार दिवस तुमचं खातं घरी ठेवा. नाक मुरडलंत तर माझ्याशी गाठ आहे."

तिसऱ्या सकाळी तो ओला टॉवेल वाळत घालायला गच्चीवर गेला. तिथे पाण्याची काळी टाकी होती. हात आपोआप झाकणाकडे गेला. सरकारी हात, त्याला कोण आवरणार?

आत कबूतर होतं. फुगून टम्म झालेलं, एक पंख पसरलेला, भोवती पाण्यावर हिरवट साय. डोळ्याच्या खोबणीत काहीतरी पांढरं वळवळत होतं. वास टाळूला चिकटला.

खाली चहा ओतून झाला होता. सासूबाईंचा दुसरा कप चालू होता.

"आता आमचे साडूभाऊ!" साडूंनी मोबाइल रोखला. "दोन दिवस 'सगळं छान आहे'वर भागवलंत. आज मनापासून!"

"बोला ना भाऊजी," मेव्हणी म्हणाली, "लाजताय काय नव्या नवरीसारखे?"

बायकोनं नुसतं बघितलं. सासूबाईंनी कप पुन्हा तोंडाला लावला आणि भुरका मारला. त्या भुरक्यानं निरीक्षकाचा धीर सुटला.

"मी त्या कबुतराचा आभारी आहे."

"वा! निसर्ग!" साडू गहिवरले. "कुठलं कबूतर?"

"टाकीतलं. मरून पाचेक दिवस झाले असतील. आपण तीन दिवस त्याच्यातच दात घासतोय."

सासूबाईंनी कप फार हळुवार खाली ठेवला, जणू तो झोपला होता. साडूंना ताटातच उलटी झाली. चित्रण चालूच राहिलं. मेव्हणी बेसिनकडे धावली, चूळ भरायला नळ सोडला, मग आठवलं, आणि ओंजळीतच ओकली. बायको ओकली नाही.

"झालं समाधान?" एवढंच म्हणाली.

"तुझा नवरा ना," मेव्हणी तोंड पुसत कडाडली, "स्वर्गात गेला तरी आधी गटार शोधेल!"

"आणि तुझा तिथे देवाला रांगेत उभं करून आभार मानायला लावेल!"

मग डब्याचा विषय निघाला. डब्यावरून लग्नातल्या मानापमानांवर, तिथून लहानपणी फोडलेल्या बाहुलीवर गाडी गेली. अकराच्या सुमारास दोन वेगवेगळ्या टॅक्स्या दारात उभ्या राहिल्या. बहिणी दोन दिशांना तोंडं करून बसल्या.

किल्ल्या घ्यायला राखणदार आला. निरीक्षकानं त्याला कबुतराचं सांगितलं. राखणदारानं गच्चीकडे मान वर केली.

"ती होय? ती बागेची टाकी. पाइप कुठे उतरतो ते नाही बघितलंत, साहेब?"

"आमच्याकडे झाकण उघडणारा वेगळा असतो," निरीक्षक म्हणाला, "आणि पाइप बघणारा वेगळा."

घराला पाणी थेट रस्त्यावरच्या जलवाहिनीतून येत होतं.