रात्रीची गोळी

"पंप? डॉक्टर, माणसाच्या अंगात पंप?"

सुभाषचंदनं रिपोर्टची पिशवी मांडीवर घट्ट धरली. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचं कापडाचं दुकान. गल्ल्यावर बसला की कुणाला हार जायचा नाही, पण पुण्याच्या या दवाखान्यात त्याची बोबडी वळे. उगमबाईला, त्याच्या बायकोला, रक्ताचा कॅन्सर होऊन वर्ष झालं होतं. आधी औषध छान लागू पडलं, मग पडेनासंच झालं.

"पेशीच्या आवरणात काही प्रथिनं असतात," डॉक्टर म्हणाले. "औषध आत शिरलं की ती ते बाहेर फेकतात, पंपानं पाणी उपसावं तसं. औषध बदललं, तेही फेकलं. तिसरंही फेकतायत."

"पण ही असली प्रथिनं अंगात असतातच कशाला?"

"विषापासून वाचवायला. तुमच्या-माझ्या आतड्यात, यकृतात आहेत, जनावरांतही आहेत. त्यांना औषधसुद्धा विषच वाटतं. उगमबाईंच्या आजारी पेशींत ती फार वाढलीत. आता आमच्या हातात काही राहिलं नाही, शेठ."

तरीही सुभाषचंदनं विचारलंच, "म्हणजे तिचा चौविहार मोडल्यामुळे नाही? दिवस मावळला की ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही. तुम्ही गोळी रात्री जेवल्यावर सांगितलीत, म्हणून मी तिला नेम मोडायला लावला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, सगळ्यांना सांगतो तसं सांगितलं. संध्याकाळी उजेडात घेतली असती तरी चाललं असतं. विचारायचं नाही का?"

विचारायचं नाही का! साडीच्या एका घडीसाठी गिऱ्हाइकाला छप्पन्न प्रश्न विचारणारा हा गृहस्थ, डॉक्टरपुढे नुसता मान डोलावून आला होता. आणि वर घरी येऊन बायकोवर डाफरला होता, "जीव मोठा की नेम मोठा?" लग्नाच्या आधीपासूनचा नेम तिनं त्या रात्री मोडला. गोळी गिळली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. रडेल आणि विसरेल, असं त्याला वाटलं. कसली विसरतेय! औषध हरलं तेव्हापासून तिनं एकच धरलं होतं, नेम मोडला त्याचंच हे फळ.

एसटीनं तो जुन्नरला पोचला तेव्हा उन्हं कलली होती. उगमबाईचं हवं-नको बघायला ठेवलेली साळुबाई दारातच भेटली.

"शेठ, बाईंनी सकाळधरनं पाणी बी घेतलं न्हाई. म्हंत्यात, मी पाप केलंय. लई समजावलं, पर ऐकत न्हाईत. आता तुमीच बघा."

तो बिछान्याशी जाऊन बसला. आपण तिचा नेम उगीच मोडला, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. पण गप्प राहिलं तर बाई पापाचं ओझं घेऊनच जाणार.

"अगं, तुझ्या नेमाचा काही संबंध नव्हता. तुझ्या अंगानंच औषध बाहेर फेकलं. त्याला ते विष वाटलं."

"म्हणजे माझं पाप नव्हे?"

"नव्हे. आणि गोळी दिवसाही चालली असती. मी मूर्ख, विचारलंच नाही."

उगमबाई चांगली ओरडेल, दोन शब्द सुनावेल, असं त्याला वाटलं. तिनं ओरडावं, असंच त्याला वाटत होतं.

"मला वाचवायला म्हणून फेकलं होय," ती म्हणाली. "तुम्हीपण तेच केलंत."

सुभाषचंद पोरासारखा हुंदके देऊन रडला. साळुबाई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली.

"अहो, दिवस मावळला का?"

त्यानं खिडकीतून पाहिलं. शिवनेरीच्या कड्यावर अजून ऊन होतं.

"आहे थोडा."

"मग पाणी द्या."

त्यानं तिची मान उचलून पेला ओठांना लावला. दोन घोट घेऊन तिनं बोटानंच पुरे म्हटलं. उरलेलं पाणी तो स्वतः प्यायला आणि त्यानं पेला पालथा घातला. तिनं हात जोडून चौविहाराचा नेम घेण्याचे शब्द म्हणायला सुरुवात केली. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसूनही ते त्याला पाठ नव्हते. ती एकेक शब्द थांबून म्हणू लागली, आणि तो तिच्यामागून म्हणत राहिला.