माझ्यावर उभे राहणारे पाय

मित्रांनो, रोज सकाळी कुणी ना कुणी बुटांसकट माझ्या अंगावर चढतो, तरी मला त्याचा राग येत नाही. मी केबलचा एक जुना लाकडी ड्रम आहे. फळ्या ठोकून मला बनवले, पोटाभोवती जाडजूड केबल गुंडाळली आणि जहाजाने सौदीला, अल खफजीच्या एका यार्डात पाठवले. केबल संपली तशी माझी किंमतही संपली. उन्हात पडून माझी एक फळी सैल झाली. मग कुणीतरी मला आडवे केले आणि मी व्यासपीठ झालो.

काम सुरू होण्याआधी फोरमन माझ्यावर उभा राहून त्या दिवसाचे धोके सांगतो. याला इथे ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. खरे सांगू का, बहुतेक फोरमन कागद वाचून मोकळे होत. माणसे माना डोलावत, सह्या करत, की खलास. मला चेहऱ्यांपेक्षा पाय जास्त कळतात, आणि ते पाय कंटाळलेले असत.

नागेश गुहागरचा. पाइप जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून त्याला फोरमन केले. पहिल्याच दिवशी त्याचे गुडघे असे लटपटले की माझी सैल फळी खटखट वाजू लागली. सगळे हसले. मला त्याची दया आली आणि माझ्याच फळीने त्याचे हसे केले याची लाज वाटली.

त्या संध्याकाळी, यार्ड शांत झाल्यावर, मोहियुद्दीनचाचा त्याला माझ्याकडे घेऊन आले. दापोलीचे चाचा यार्डातले सर्वांत जुने कामगार. टाकीत उतरायचे असले की पहिले पाऊल त्यांचेच. दोन्ही पायांवर सारखा भार दे, पहिल्या शब्दाआधी श्वास घे, कागद खिशात ठेव, असे त्यांनी शिकवले. मग बोट उगारून म्हणाले, “मानेवर जाऊ नकोस. मान सगळेच हलवतात. सांगितलेलं परत वदवून घे.”

हे त्यांना कसे ठाऊक, ते मला पुढे कळले.

नागेशचे पाय हळूहळू स्थिर झाले. परत विचारणे मात्र तो टाळायचा. वडीलधाऱ्यांची परीक्षा घेतल्यासारखे त्याला वाटे.

मग एका सकाळी तेलाची रिकामी टाकी आतून साफ करायचे काम निघाले. गॅस तपासणारा माणूस उशिरा येणार होता. तो हो म्हणेपर्यंत कुणीही आत जायचे नव्हते. नागेशने हे हिंदीत नीट सांगितले, पण वारा सुटला होता आणि जनरेटर घरघरत होता. माना हलल्या. कुणीतरी ‘यल्ला’, म्हणजे ‘चला’, म्हणाले. उतरण्यासाठी नागेशने एक पाय उचलला. क्षणभराने तो पाय परत माझ्यावर आला.

त्याने जनरेटर बंद करायला लावला. शेवटच्या रांगेत चाचा खांद्यावर दोर टाकून उभे होते.

“चाचा, आज आत कधी जायचं?”

चाचांनी मान हलवली. माझी फळी पुन्हा खटखटली. ज्याने बोलायला शिकवले, त्यालाच सगळ्यांसमोर उघडे पाडायचे? तरी नागेशने पुन्हा विचारले, या वेळी मोठ्याने.

“नेहमीसारखंच,” चाचा म्हणाले. “आता जातो की.”

कुणी हसले नाही. नागेश खाली उतरला आणि चाचांच्या समोर उभा राहून त्याने सगळे पुन्हा सांगितले.

बऱ्याच वेळाने तपासणारा आला. त्याने नळी टाकीत सोडली मात्र, त्याचे यंत्र कर्कश वाजू लागले. आत विषारी वायू साचला होता. चाचा येऊन माझ्यावर बसले. आता फळी त्यांच्या हातांखाली खटखटत होती.

“कान गेलेत रे माझे, नागेश,” ते म्हणाले. “घरी पाठवतील म्हणून मान हलवत आलो.”

चाचांना घरी पाठवले नाही. नागेशने साहेबांकडे शब्द टाकला आणि त्यांना स्टोअरमध्ये काम मिळाले. आता ते सकाळी पहिल्या रांगेत, मला खेटून उभे राहतात.

मित्रांनो, माझ्या फळ्या कुजत चालल्या आहेत. कुणी दोन खिळे मारले तर उपकार होतील. पण उद्या तुम्ही चार माणसांपुढे बोलायला उभे राहाल, तेव्हा एवढे लक्षात ठेवा. मागच्या रांगेत कुणी तुमच्या प्रत्येक शब्दाला मान हलवत असेल, तर आधी त्यालाच विचारा.