पहिली बोंब

शिमग्याच्या होमासाठी सुकी लाकडं काढताना गोमाजीच्या हाताला बूट लागले. कंपनीचे, पुढे लोखंड असलेले, गोणपाटात गुंडाळून लाकडांच्या ढिगामागे सारलेले. त्याने ते अंगणात आणून टाकले. तिथे त्याचा मुलगा मुरारी दात घासत उभा होता.

“कंदी आनलेस?”

मुरारीने आधी चूळ भरली.

“आठ दिस झाले.”

महाडच्या त्या औषधांच्या कंपनीला टाळं लागून चारच दिवस झाले होते. एका सकाळी गेटवर कागद चिकटवला आणि चारशे माणसं रस्त्यावर आली. बूट कंपनीतच ठेवायचा नियम, म्हणून सगळ्यांचे आत राहिले. डबे राहिले, रेनकोट राहिले. वाडीतली अकरा पोरं रोज जाऊन वॉचमनकडे स्वतःच्याच वस्तूंची भीक मागत होती. आणि सुपरवायझर मुरारीचे बूट घरी होते.

“तुला म्हाईत व्हतं.”

“साहेबांनी बजावलेलं, बोलू नको. माल जाईपर्यंत हजेरी पुरी पायजे. मला दुसऱ्या प्लांटला घेनार हायत, बाबा.”

“नि हृतिकला?”

हृतिक त्या अकरा पोरांतलाच. सहाच दिवसांपूर्वी त्याला खेडला काम मिळत होतं. बायको सातव्या महिन्यात, काय करू, म्हणून तो विचारायला आला होता. “थांब रे, हितंच परमनंट होशील,” असं मुरारीने याच अंगणात सांगितलं. गोमाजीनेही शेजारी बसून मान डोलावली होती. ते आठवलं तशी त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“केसानं गळा कापलास पोरांचा,” तो म्हणाला आणि नारळ घेऊन माळावर निघाला. मुरारी मागून गेला. शिमग्याच्या होमाला घरात बसून राहता येत नाही.

उजाडत होतं. वाडी जमली होती. पहिली बोंब मानकऱ्याची, म्हणजे गोमाजीची. तो ज्याचं नाव घेईल त्याच्या नावाने प्रत्येकाने बोंब मारायची. एक जरी तोंड मिटलेलं राहिलं, तरी होमाभोवती फेरी घालायची नाही.

“आबा, मालकाच्या नावानं मारा!” हृतिक ओरडला.

“नाव काय त्याचं?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आठ-आठ वर्षं राबली, पण मालकाचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. पगाराच्या चिठ्ठीवर ठेकेदाराचं नाव, आणि ठेकेदाराचा फोन बंद.

“मुरारीदादाला ठावं असंल,” हृतिक म्हणाला. त्याचा अजूनही विश्वास होता.

“मला नाय ठावं,” मुरारी म्हणाला.

गोमाजीने होम पेटवला. मग पोरांकडे वळून तो म्हणाला, “ह्याचे बूट घरी हायत. आठ दिसांपासनं.”

पोरांना आणखी काही सांगावं लागलं नाही. हृतिक मुरारीकडे बघत राहिला.

“माझ्या मुरारीच्या नावानं!” गोमाजीने पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकली. म्हातारा आवाज फाटला. मग हृतिकचा हात तोंडावर गेला, आणि मग सगळ्यांचे.

बोंब थांबली. लाकडं तडतडत होती. फेरी मात्र सुरू होईना, कारण एक तोंड अजून मिटलेलं होतं.

गोमाजी हातात नारळ धरून मुलासमोर उभा राहिला.

“मार,” तो म्हणाला. “वाडी खोळंबलीय.”